हयगय की बेदरकारी? फिर्यादीतील दोन शब्दांचे अंतर

कासारवाडी : 'आपल्या ताब्यातील वाहन वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून...' अपघाताच्या फिर्यादीत हमखास आढळणारे हे वाक्य जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगत राहणाऱ्यांच्या कानांवरून अनेकदा गेलेले असते. कासारवाडीच्या एका अंगाला हा महामार्ग आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो, दुसऱ्या अंगाला लोहमार्ग आणि पुढे नाशिक फाट्याचा चौक. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांकडे जाणारी अवजड वाहने याच चौकातून वळतात. साहजिकच फिर्यादीतील ते वाक्य येथे नवे नाही. मात्र, त्या वाक्यात शेजारी-शेजारी बसलेले 'हयगय' आणि 'अविचार' हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, अशी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही.

हे दोन शब्द कायद्याच्या इंग्रजीतील 'रॅश' आणि 'निग्लिजंट' या शब्दांचे मराठी अवतार आहेत. पोलिस ठाण्याच्या भाषेत 'रॅश'साठी 'अविचाराने' रूढ झाले. दंड संहितेच्या मराठी पाठात त्यासाठी 'बेदरकारपणा' हा शब्द आहे आणि 'निग्लिजन्स'साठी 'हयगय'. दोन्हींचा सामान्य अर्थ काळजी न घेणे असाच आहे. पण काळजी न घेणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते, या प्रश्नावर दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. कोणते कलम लागते, किती शिक्षा होते आणि कधीकधी शिक्षा होते की नाही, हे त्या वाटेवर ठरते.

'आणि' नव्हे, 'किंवा'

भारतीय दंड संहिता १८६० साली झाली, तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याबाबतचे स्वतंत्र कलम तीत नव्हते. १८७० साली दुरुस्ती करून ३०४-अ हे कलम घालण्यात आले. सदोष मनुष्यवध ठरत नाही, अशा बेदरकारपणाच्या किंवा हयगयीच्या कृतीने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते. येथे 'किंवा' या अव्ययाकडे लक्ष दिले पाहिजे. फिर्यादीत सर्रास 'व' लिहिला जातो. कायद्याने मात्र दोन पर्याय ठेवले आहेत आणि त्यांतील एक सिद्ध झाला तरी पुरेसे आहे.

कलम आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. हॉलोवे यांनी या दोन पर्यायांमधील सीमारेषा आखली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की बेदरकार माणसाला धोका दिसत असतो. आपल्या कृतीचा परिणाम वाईट होऊ शकतो, हे त्याला ठाऊक असते. पण तसे होणार नाही, आपण निभावून नेऊ, या आशेवर तो पुढे जातो. हयगय करणाऱ्याला ती जाणीवच झालेली नसते. त्याचा दोष असा, की परिस्थिती पाहता थोडी सावधगिरी बाळगली असती, तर ती जाणीव त्याला नक्की झाली असती. पुढे १८८१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. स्ट्रेट यांनी 'इदू बेग' खटल्यात हाच भेद अधिक स्पष्ट केला. बेदरकारीत गुन्हा आहे तो परिणामांची पर्वा न करता धोका पत्करण्यात. हयगयीत तो आहे जी खबरदारी घेणे कर्तव्य होते, ती न घेण्यात. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटल्यावरही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत या दोन न्यायमूर्तींचे शब्द पुनःपुन्हा उद्धृत होतात.

नाशिक फाट्याचा चौकच उदाहरणादाखल घ्यावा. एका चालकाने लाल दिवा पाहिला, आडव्या रस्त्याने वाहने सुटणार हेही पाहिले आणि 'तेवढ्यात निघून जाऊ' असे म्हणून वेग वाढविला. दुसरा चालक शेजारच्याशी बोलण्यात इतका रंगला, की दिवा लाल झाला आहे हे त्याने पाहिलेच नाही. चौकात दोघांच्या हातून घडणारा अनर्थ सारखाच. पहिल्याची ती बेदरकारी, दुसऱ्याची हयगय. चालविताना मोबाईल हाताळणारा कोणत्या बाजूला पडतो, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. त्याला समोरचा माणूस दिसलेला नसतो, म्हणून ती हयगय म्हणावी. पण फोन हातात घेताना आपण धोका पत्करीत आहोत हे न कळण्याइतका अजाण चालक आज सापडणे कठीण. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तर हातात फोन धरून बोलणे हे धोकादायक वाहन चालविण्याच्या कलमातच नमूद केले.

दोन बहिणी आणि पादचारी पट्टा

हा भेद केवळ पुस्तकी नाही, याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातीलच आहे. 'भालचंद्र वामन पाठे विरुद्ध महाराष्ट्र सरकार' हा मुंबईतील अपघाताचा खटला साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पादचारी पट्ट्यावरून रस्ता ओलांडणाऱ्या दोन बहिणींना मोटारीची धडक बसली आणि त्यांतील एकीचा मृत्यू झाला. गाडीचा वेग ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर होता. त्या रस्त्यावर तेवढ्या वेगाला परवानगी होती. चालक गाडी बेफामपणे हाकत होता, असे दाखविणारी दुसरी कोणतीही बाब पुराव्यात आली नाही.

न्यायालयाने म्हटले, की ही बेदरकारी नव्हे. चालकाने जाणूनबुजून धोका पत्करला, असे म्हणता येत नाही. पण म्हणून तो सुटला नाही. समोर पादचारी पट्टा आहे, तेथे कोणी चालत असू शकते आणि पुढे पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे. शेजारी बसलेल्याशी बोलण्यात त्याचे लक्ष गुंतले असावे, असा तर्क न्यायालयाने नोंदविला आणि हयगयीचा दोष कायम केला. वेगमर्यादा पाळणारा चालकही मृत्यूस जबाबदार ठरू शकतो, हे या निकालाने दाखवून दिले. वेगमर्यादेच्या आत असलो की आपण निर्दोष, असे मानणाऱ्या अनेकांना हा निकाल माहीत नसतो.

याच्या उलट बाजूचा निकाल १९९८ मधला. कर्नाटकातील एका मालमोटारीच्या अपघातात साक्षीदारांनी गाडी 'भरधाव' होती, एवढेच सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम ठेवली. जास्त वेग ही सापेक्ष कल्पना आहे. कोणत्या रस्त्यावर, किती रहदारीत, नेमका किती वेग हे सांगितल्याखेरीज त्या एका शब्दावरून ना बेदरकारी सिद्ध होते, ना हयगय, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्याकडील फिर्यादींत आणि, हेही सांगितले पाहिजे, वृत्तपत्रांतील बातम्यांतही 'भरधाव' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो, की त्याचा पुरावा म्हणून काही उपयोग उरत नाही.

मराठीत या छटांसाठी शब्दांची वाण नाही. हयगय, हलगर्जीपणा, ढिलाई, दुर्लक्ष हे एका कुळातले. बेदरकारी, बेफिकिरी, बेपर्वाई, बेमुर्वतपणा हे दुसऱ्या कुळातले. आजाऱ्याच्या औषधपाण्यात झाली तर ती हयगय होते, बेदरकारी नव्हे. हा फरक घरातील वडीलधारी मंडळी सहज पाळतात. इंग्रजी शब्द बोलण्यात आले, तेव्हा मात्र त्यांची वेगळीच वाटणी झाली. 'किती रॅश चालवतो!' हे वाक्य शहरात आता मराठीच झाले आहे, तर 'निग्लिजन्स' हा शब्द लोकांना भेटला तो रुग्णालयांच्या तक्रारींतून. परिणामी, रस्त्यावर होते ती रॅशगिरी आणि शस्त्रक्रियागृहात होतो तो निग्लिजन्स, असा समज पसरला. प्रत्यक्षात रस्त्यावरही हयगय होतेच, आणि कारखान्यात बेदरकारीही होते.

वरची पायरी

अंतर जाणून घेण्याचे दुसरे कारण म्हणजे या दोन शब्दांच्या वर आणि खाली असलेल्या पायऱ्या. अगदी खाली निव्वळ अपघात. कायदेशीर काम योग्य काळजीने करत असताना दुर्दैवाने घडलेली घटना हा गुन्हाच नाही. त्यावर हयगय, तिच्यावर बेदरकारी. त्याहून वर सदोष मनुष्यवध. तेथे आपल्या कृतीने मृत्यू होण्याचा संभव आहे, हे ज्ञान असावे लागते. बेदरकारीची पायरी या ज्ञानाला जवळजवळ टेकलेली आहे. धोका 'होऊ शकतो' हे ठाऊक असणे आणि मृत्यू 'संभवतो' हे ठाऊक असणे यांत अंतर थोडे असले, तरी शिक्षेत ते मोठे असते.

मुंबईतील कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मद्यप्राशन केलेल्या चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये ३०४-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तोच प्रकार सदोष मनुष्यवधाचा ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. 'अॅलिस्टर अँथनी परेरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. ही शिक्षा अपुरी असल्याचे मतही नोंदविले. मात्र वाढीव शिक्षेसाठी सरकारने अपील केले नसल्याने ती वाढविता आली नाही. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, तेव्हाही प्रथम ३०४-अ आणि नंतर ३०४, असा कलमांचा प्रवास झाला. त्या वेळी उसळलेल्या जनक्षोभात या दोन कलमांमधला फरक घराघरांत पोहोचला खरा. पण खालच्या दोन पायऱ्यांची चर्चा तेव्हाही झाली नाही.

कारखान्याच्या दारात

पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक नगरीत या शब्दांचा संबंध रस्त्याइतकाच कारखान्याशी येतो. विषारी पदार्थ, आग, स्फोटके आणि यंत्रे यांबाबत संहितेत चार स्वतंत्र कलमे आहेत. पूर्वी ती २८४ ते २८७ होती, भारतीय न्याय संहितेत २८६ ते २८९ आहेत. चारही कलमांत 'बेदरकारपणा किंवा हयगय' हीच जोडी आहे. त्याशिवाय, ताब्यातील वस्तूपासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी व्यवस्था करण्यास जाणूनबुजून किंवा हयगयीने चुकणे, हाही त्यांत गुन्हा आहे. म्हणजे येथे काही करणे जितके महत्त्वाचे, तितकेच न करणेही.

कासारवाडीतील महापालिकेच्या जलतरण तलावात ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. त्या घटनेचा दोष कोणाचा, हे ठरविण्याची ही जागा नव्हे. पण अशा कोणत्याही गळतीनंतर कायदा विचारतो ते दोनच प्रश्न आहेत. टाकी किंवा झडप धोक्याची झाली आहे, हे कोणाला माहीत होते काय? होते, तर ती तशीच वापरत राहणे बेदरकारीकडे झुकते. माहीत नव्हते, तर ते माहीत करून घेण्याची तपासणी कोणाच्या अंगावर होती? ती राहिली असेल, तर हयगय. म्हणूनच देखभालीची नोंदवही हा अशा चौकशीतील कळीचा कागद असतो. 'झडप गळते' अशी आधीच्या आठवड्यातील एक ओळ तीत सापडली, तर प्रकरणाचा रंग बदलतो.

कारखान्यांच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो. मुंबईतील एका रंगनिर्मिती कारखान्याला थंड मिश्रणाच्या प्रक्रियेचाच परवाना होता. तेथे मात्र चार शेगड्यांवर राळ आणि डांबरासारखे पदार्थ वितळवून त्यांत टर्पेंटाइन मिसळण्याचे काम चाले. २० एप्रिल १९६२ रोजी पिंपातील फेस उतू गेला, जवळच साठविलेल्या वॉर्निश आणि टर्पेंटाइनने पेट घेतला आणि सात कामगार होरपळून मरण पावले. व्यवस्थापक-भागीदारावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने 'कुरबान हुसेन रंगवाला' या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात त्याला ३०४-अ मधून मुक्त केले. परवान्याविना काम चालविणे, आगीजवळ ज्वालाग्राही माल ठेवणे यांत हयगय होती. त्यासाठी आगीबाबतच्या २८५ कलमाखालील दोष कायम राहिला. पण मिश्रण निवण्यापूर्वीच एका कामगाराने टर्पेंटाइन ओतले, हे आगीचे निकटचे कारण ठरले. हयगय असणे पुरेसे नाही. मृत्यू थेट त्याच हयगयीतून घडला पाहिजे. हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ सालीच मांडले होते.

हा निकाल कायद्याच्या दृष्टीने सुसंगत असेल. पण अपुऱ्या जागेत, चुकीच्या व्यवस्थेत राबणाऱ्या कामगाराच्या घाईवर सारे कारण येऊन थांबते, ही त्यातील बोचणारी बाब आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील १९९७ च्या आगीत ५९ प्रेक्षक गुदमरून मरण पावले. त्या खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वेगळी दृष्टी घेतली. बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या न ठेवणे हेच त्या मृत्यूंचे निकटचे कारण आहे, असे मानून मालकांचा ३०४-अ खालील दोष कायम केला. पिंपरी-चिंचवडमध्येच तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात भीषण आग लागून त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला. पुढे मृतांची संख्या वाढत गेली. अशा प्रत्येक आगीनंतर ठिणगी कोणाच्या हातून पडली, हे विचारायचे की दार का अडलेले होते, हे विचारायचे, यावर खटल्याची दिशा ठरते.

भरपाईच्या बाबतीत या शब्दांचे वजन आणखी निराळे आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली दावा केल्यास चालकाचा दोष दाखवावा लागतो. पण फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा तेथे लागत नाही. शक्यतेचे पारडे ज्या बाजूला झुकेल, ते ग्राह्य धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 'बिमला देवी' खटल्यात २००९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे फौजदारी न्यायालयातून चालक सुटला, म्हणून भरपाईची आशा सोडण्याचे कारण नाही. कोणाचाच दोष सिद्ध करण्याच्या फंदात पडायचे नसेल, तर कलम १६४ आहे. त्याखाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये, हयगय किंवा बेदरकारी यांपैकी काहीही सिद्ध न करता मिळू शकतात.

कामगाराच्या भरपाईत तर मालकाचा दोष विचारातच घेतला जात नाही. हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. विचारली जाते ती कामगाराची वागणूक, आणि गंमत अशी, की तेथेही हाच भेद डोकावतो. काम करताना कामगाराचे क्षणभर लक्ष उडाले, हात पॉवर प्रेसखाली गेला, तर त्या हयगयीने त्याचा हक्क जात नाही. यंत्राचे संरक्षक कवच त्याने मुद्दाम काढले असेल, तर मात्र मालकाला बचाव मिळतो. तोही मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल तरच. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच खाली यावी, अशी रचना केलेली असते. उत्पादनाच्या घाईत त्यांतील एक बटण बांधून ठेवले जाते. ते कामगाराने आपणहून बांधले, की पाळीच्या निरीक्षकाच्या सांगण्यावरून, या एका तपशिलावर तुटलेल्या बोटांची किंमत अवलंबून असते.

नवी संहिता

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३०४-अ ची जागा कलम १०६(१) ने घेतली आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उपचार करताना हा गुन्हा केल्यास मर्यादा दोन वर्षेच आहे. 'बेदरकारपणा किंवा हयगय' ही जोडी जशीच्या तशी राहिली. अपघातानंतर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६(२) हे पोटकलम मात्र तेव्हा लागू करण्यात आले नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालवाहतूकदारांच्या चालकांनी त्याविरुद्ध चाके थांबविली होती. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते, त्यामुळे न्यायालयांत ३०४-अ चे नाव अद्याप बरीच वर्षे ऐकू येईल.

दोन्ही शब्दांसाठी कमाल शिक्षा सारखीच असली, तरी प्रत्यक्ष शिक्षा देताना न्यायाधीश दोषाची तीव्रता पाहतात. ती दिसते विशेषणांतून नव्हे, तर तपशिलांतून. दिवा लाल होता का, चालकाने वेग वाढविला की ब्रेक लावला, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा किती अंतरावर आहेत, वाहन कोणत्या मार्गिकेत होते, कोणी इशारा दिला होता का, या गोष्टी फिर्यादीत पहिल्याच दिवशी यायला हव्यात. फिर्याद लिहून झाल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखविणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. वाचताना 'हयगयीने, अविचाराने व भरधाव' या ठरलेल्या शब्दांपुढे आपण सांगितलेले तपशील उतरले आहेत की नाहीत, हे स्वाक्षरीपूर्वी पाहून घेता येते.